महाकाय रोबोला हसता यायला हवं

जपानी अ‍ॅनिमेबद्दल जाणकारीनं बोलणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे. महाकाय रोबोंच्या मालिका सुरुवातीला पोरकट होत्या. १९७९ साली ‘मोबाइल सूट गंडम’ आली आणि रोबो हे युद्धातलं शस्त्र झालं. १९९५ साली ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ आली आणि रोबो चालवणाऱ्या मुलाच्या मनातला काळोख पडद्यावर आला. या हिशेबात मालिका जितकी काळवंडलेली, तितकी ती प्रौढ. हसवणारी मालिका म्हणजे या प्रवासात मागे राहिलेलं पोर, किंवा फार तर दोन गंभीर कलाकृतींच्या मधली विश्रांती.

हा समज उथळ आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: महाकाय रोबो ही कल्पना मुळातच विसंगत आहे. गंभीर मालिकेला ती विसंगती झाकावी लागते, हलकीफुलकी मालिका तिच्याशी उघडपणे खेळते. या खेळाला कडक नियम लागतात, आणि त्या नियमांपायी हसवणाऱ्या मालिका अनेकदा गंभीर मालिकांनी टाळलेले प्रश्न विचारून जातात. त्यांची मजा डोकं बाजूला ठेवून घ्यायची नसते. डोकं जागं असेल तर ती दुप्पट येते. हे चार टप्प्यांत मांडतो आणि मग नेहमीच्या आक्षेपांकडे वळतो.

१. उत्क्रांतीची शिडी इतिहासात बसत नाही

आधी पोरकट, मग प्रौढ, असा क्रम असता तर तारखांनी तो दाखवला असता. तारखा भलतंच सांगतात. ‘गंडम’चे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी तिच्या आधी, १९७७ मध्ये, ‘झांबॉट ३’ ही मालिका सुरू केली. तिच्यात नायकाच्या कुटुंबालाच गावकरी दोष देतात, शत्रू साध्या माणसांच्या शरीरात बॉम्ब बसवतो आणि शेवटाकडे नायकाच्या घरातली माणसं एकामागून एक मरतात. म्हणजे ‘गंडम’च्या आधीच काळोख पुरेसा दाट झाला होता.

त्यानंतर तोमिनोंनी काय केलं? १९७८ मध्ये ‘डायटार्न ३’ आणली. नायक हारान बान्जो हा जेम्स बाँडच्या थाटाचा श्रीमंत छैलछबिला. मोठी हवेली, दोन देखण्या साथीदारणी, एक चळवळ्या पोरगा आणि कसलीही आपत्ती आली तरी शिष्टाचार न सोडणारा बटलर. रोबो तब्बल १२० मीटर उंच आणि त्याच्या चेहऱ्यावर हावभाव उमटतात. ही मालिका मार्च १९७९ मध्ये संपली आणि एप्रिलमध्ये त्याच माणसाची ‘गंडम’ सुरू झाली. पुढे १९८० मध्ये ‘इडिऑन’ ही त्यांची सर्वांत उदास मालिका आली, आणि १९८२ मध्ये ‘झाबुंगल’ ही धमाल मालिका. एकच दिग्दर्शक काळोख आणि हसू यांच्यात सतत ये-जा करत होता. यात पायऱ्या कुठेच नाहीत. एकाच हाताची दोन कसबं आहेत.

मुळाशी गेलं तरी हेच दिसतं. गो नागाई यांच्या ‘मझिंगर झेड’नं १९७२ मध्ये नायकाला रोबोच्या डोक्यात बसवलं आणि या प्रकाराचा पाया घातला. त्याच मालिकेत बॉस नावाच्या दांडगट पोरानं शास्त्रज्ञांना वेठीला धरून भंगारातून बनवून घेतलेला ‘बॉस बोरॉट’ आहे. वीर रोबोच्या शेजारी विदूषक रोबो पहिल्या पिढीतच उभा राहिला. आणि गांभीर्याचं शिखर मानली जाणारी ‘इव्हँगेलियन’? तिच्या नवव्या भागात शत्रूला हरवण्यासाठी दोन मुलांना ६२ सेकंदांची लढाई नाचासारखी बसवावी लागते. त्यासाठी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेली ती दोघं एकसारखे कपडे घालून, एका घरात राहून, ताल जुळेपर्यंत तालीम करतात. हा निखळ प्रहसनाचा भाग काढून टाकला तर पुढच्या भागांमध्ये या मुलांचं तुटणं इतकं लागत नाही.

२. विसंगती कल्पनेतच आहे

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचं मूळ विकृत वेषभूषेत, अस्थानी अलंकारात सांगितलं आहे; कमरेची मेखला छातीवर बांधली तर शोभा येत नाही, हसू येतं. महाकाय रोबो ही अशीच अस्थानी मेखला आहे. मानवी शरीर हा आकार पावणेदोन मीटरच्या प्राण्यासाठी घडला. तो उचलून अठरा मीटरच्या शस्त्राला दिला की काय होतं, ते शाळेतल्या गणितानं सांगता येतं. उंची दहापट केली की तळव्याचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, पण वजन हजारपट. म्हणजे पायाखालच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. योकोहामामध्ये २०२० च्या अखेरीस खऱ्या मापाचा, म्हणजे १८ मीटरचा, हलणारा गंडम उभारला गेला आणि २०२४ पर्यंत लोकांनी तो पाहिला. तो हात हलवी, पाय उचली, गुडघा टेकवी. पण या सगळ्या काळात त्याला पाठीमागच्या सांगाड्यानं कमरेशी धरून ठेवलेलं असे. स्वतःच्या पायांवर भार घेऊन तो चालत नव्हता.

शस्त्र म्हणूनही हा आकार अडाणीपणाचाच. उंच उभं राहणारं यंत्र लांबून दिसतं, दोन पायांवरचं यंत्र पडतं, आणि शस्त्राला नाक-डोळे कशाला हवेत याचं उत्तर कुठल्याही सेनापतीकडे नाही. गंभीर मालिकेला हे ठाऊक असतं, म्हणून ती खुलासे रचते. ‘गंडम’मध्ये मिनोव्स्की कण आहेत, ते पसरले की रडार आंधळं होतं, मग समोरासमोरची झुंज अटळ ठरते आणि तिच्यासाठी हातपाय असलेलं यंत्र लागतं. खुलासा चतुर आहे, आणि त्यातून उभं राहणारं नाट्य मोठं आहे, यात वाद नाही. पण खुलासा द्यावा लागतो, हीच विसंगतीची कबुली.

हसवणारी मालिका खुलाशाच्या फंदात पडत नाही. ‘झाबुंगल’मधले रोबो पेट्रोलवर चालतात आणि आतला माणूस ते मोटारीचं चाक फिरवावं तसं चाक फिरवून हाकतो. पाय असलेल्या यंत्राला स्टिअरिंग! पाहणारा हसतो आणि त्याच क्षणी ते जग मान्य करतो, कारण ज्या गोष्टीवर त्याला शंका यायची होती ती मालिकेनंच आधी बोलून दाखवली आहे.

विसंगती कल्पनेतच असल्याचा पुरावा आपल्या घरातही आहे. २००६ पासून हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणारा शिनचॅन पाहत वाढलेल्या मराठी मुलांनी ‘मझिंगर’ किंवा ‘गंडम’ पाहिलेली असण्याचा संभव कमीच. तरीही शिनचॅनच्या टीव्हीवरचा कान्ताम रोबो ही कशाची तरी थट्टा आहे, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

३. विनोदाला कायदा लागतो

गांभीर्याला शिस्त लागते आणि विनोद मोकाट असतो, हा आणखी एक गैरसमज. प्रत्यक्षात उलट घडतं. गंभीर प्रसंगातली ढिलाई पार्श्वसंगीताखाली लपून जाते. विनोदातली ढिलाई लपत नाही, कारण प्रेक्षक हसत नाही. म्हणून चांगली हलकीफुलकी मालिका आपल्या जगाचे नियम फार काटेकोरपणे पाळते.

‘झाबुंगल’च्या जगात एक कायदा आहे: कोणताही गुन्हा करून तीन दिवस सुटून राहिलात की गुन्हा माफ. खूनसुद्धा. नायक जिरॉनच्या आईबापांचा खून झाला आहे आणि तीन दिवस उलटून गेल्यावरही तो खुन्याचा पिच्छा सोडत नाही. भोवतालच्या लोकांना हे विचित्र वाटतं. झालं गेलं ते संपलं, हा पोरगा अजून कसला राग धरून बसलाय? इथे हसू येतं ते सगळं जग एका बाजूला आणि साधी मानवी भावना दुसऱ्या बाजूला पडल्यामुळे. आणि हसता हसता कळतं, की मुदत संपली म्हणून न्याय संपतो का, या प्रश्नावर अख्खी मालिका उभी आहे.

‘यात्तरमान’ (१९७७) तर नियमांचीच मालिका आहे. डोरोंजो, बोयाकी आणि तोंझुरा हे तीन भामटे दर भागात एक फसवं दुकान थाटतात, गिऱ्हाइकांना टोपी घालतात आणि त्या पैशातून नवा रोबो बांधतात. समोर नायकांचा कुत्र्याच्या आकाराचा यात्तरवान. तो ऐन लढाईत काहीतरी गिळतो आणि त्याच्या जबड्यातून चिमुकल्या यंत्रांची पलटण संचलन करत बाहेर पडते. भामट्यांचा रोबो फुटतो, कवटीच्या आकाराचा धूर उठतो, तिघं तीन सीटच्या सायकलवरून पळ काढतात आणि शेवटी मालकाकडून शिक्षा भोगतात. असे शंभरावर भाग. प्रत्येक पायरी ठरलेली असल्यामुळे लेखकाची सगळी कल्पकता एकाच जागी पणाला लागते: या वेळी जबड्यातून काय निघणार?

ठरलेल्या घाटाचं एक व्यावहारिक कारणही आहे. रोबो जोडला जाण्याची दृश्यं रंगवायला महाग. म्हणून ती एकदा नीट करून ठेवायची आणि दर आठवड्याला पुन्हा वापरायची. जपानी स्टुडिओंत अशा साठ्याला ‘बँक’ म्हणतात. ही काटकसर गंभीर मालिकेला जाचते, कारण प्रत्येक लढाई जीवनमरणाची असेल तर तेच ते दृश्य खोटं वाटू लागतं. हसवणाऱ्या मालिकेला ती लाभते. आपल्या तमाशात गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम पक्का असतो म्हणूनच सोंगाड्याला उत्स्फूर्त बोलायला मोकळीक मिळते. इथेही तसंच आहे. प्रेक्षकाला पुढचं पाऊल ठाऊक असल्याशिवाय त्याला चकवता येत नाही.

४. बिल कोण भरणार?

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वीरकथेत रोबो इमारती पाडतो आणि कथा पुढे जाते. पाडलेल्या इमारतीचं काय, क्षेपणास्त्राची किंमत किती, रोबोला कामाच्या जागी न्यायचं कसं, हे प्रश्न वीरकथेला परवडत नाहीत. हसवणाऱ्या मालिका नेमक्या या प्रश्नांवर जगतात.

‘ट्रायडर जी-७’ (१९८०) घ्या. वात्ता ताकेओ हा प्राथमिक शाळेतला मुलगा वडिलांच्या मागे त्यांच्या छोट्या कंपनीचा अध्यक्ष झाला आहे. कंपनीचा मुख्य ऐवज म्हणजे एक रोबो. तो मुलांच्या खेळण्याच्या बागेखालून बाहेर पडतो, आणि त्याआधी शेजाऱ्यांनी बाजूला व्हावं म्हणून ध्वनिक्षेपकावरून रीतसर सूचना दिली जाते. लढाई सुरू असताना कंपनीचे वयस्क व्यवस्थापक उडवलेल्या दारूगोळ्याच्या खर्चानं कासावीस होतात. जगाचं रक्षण आणि महिन्याचा ताळेबंद एकाच वेळी सांभाळणारी ही मंडळी हास्यास्पद आहेत, पण छोटा धंदा चालवणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटतील.

‘पॅटलेबर’ (१९८८) हे या जातीचं शिखर. इथे रोबो म्हणजे बांधकामावरची यंत्रं. टोकियोच्या खाडीत प्रचंड भराव टाकण्याचं काम चालू आहे, यंत्रं वाढली तसे त्यांच्या आडून होणारे गुन्हेही वाढले, आणि ते आवरायला पोलिसांनी स्वतःचे रोबो घेतले. ते चालवणारी तुकडी शहराच्या टोकाला, भरावाच्या जमिनीवर पडलेली. आसपास दुकानं नाहीत, वरिष्ठांचा विश्वास नाही. तुकडीतली नोआ इझुमी आपल्या आठ मीटरच्या रोबोला आल्फोन्स असं लाडाचं नाव देते. ओता नावाचा शिपाई गोळी झाडायला उतावीळ, आणि त्याच्यापायी होणारं नुकसान निस्तरणं हे तुकडीचं रोजचं काम. रोबो घटनास्थळी उडत जात नाही. तो ट्रकच्या पाठीवर आडवा झोपवून न्यायचा आणि तिथे पोचल्यावर उभा करायचा. टीव्ही मालिकेच्या एका भागात तर बाहेरून मागवलेलं जेवण न आल्यामुळे अख्खा विभाग कोलमडतो.

या तपशिलांतून जे उभं राहतं ते कुठल्याही युद्धकथेपेक्षा विश्वासार्ह शहर आहे: अर्थसंकल्प, कंत्राटं, खात्याखात्यांतली चढाओढ, कंटाळा. आणि १९८८ च्या व्हिडिओ मालिकेत लष्करी उठावाची दोन भागांची कथाही आहे. तिचा धागा १९९३ च्या चित्रपटात मामोरु ओशी यांनी पुढे नेला आणि शांततेच्या नावाखाली जपान नेमकं काय जगतो आहे, हा प्रश्न विचारला. टोकियोच्या रस्त्यांवर रणगाडे उभे राहिलेले पाहताना पोटात गोळा येतो, कारण त्या शहरातल्या माणसांना आपण जेवणाची वाट पाहताना पाहिलेलं आहे.

५. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: युद्धाची गंमत करणं धोक्याचं आहे. आक्षेप वजनदार आहे. त्याचं सर्वांत नेमकं उत्तर मात्र एका हसवणाऱ्या मालिकेनंच दिलं आहे. ‘नादेसिको’ (१९९६) मध्ये नायक आकितोला स्वयंपाकी व्हायचं आहे आणि त्याला रोबोत बसावं लागतं. त्याच्या अंतराळजहाजावरचे लोक ‘गेकिगँगर ३’ ही सत्तरच्या दशकातल्या धाटणीची काल्पनिक रोबो-मालिका भक्तिभावानं पाहतात. तिचा सर्वांत मोठा भक्त गाय हा वीरमरणाची स्वप्नं रंगवतो आणि तिसऱ्याच भागात, लढाईत नव्हे, जहाजाच्या हँगरमध्ये गोळी लागून मरतो. पुढे कळतं की शत्रू ही माणसंच आहेत, आणि त्यांनी हीच मालिका पवित्र मानून तिच्यातल्या न्याय-अन्यायाच्या सोप्या व्याख्यांवर आपला समाज आणि आपलं युद्ध उभारलं आहे. रोबो-मालिकांनी मनावर काय परिणाम होऊ शकतो, याची इतकी धारदार तपासणी फार थोड्या गंभीर मालिकांनी केली असेल. उलट, करुण सुरात दाखवलेलं युद्ध अनेकदा कमालीचं देखणं होऊन बसतं.

दुसरा आक्षेप: या खेळणी विकण्याच्या जाहिराती आहेत. आहेतच. पण गंभीर मालिका याला अपवाद नाहीत. ‘गंडम’ची खेळणी सुरुवातीला खपली नाहीत म्हणून ५२ भागांची योजना ४३ वर आली, १९८० मध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीनं प्लॅस्टिकची जोडणी-मॉडेल्स काढली, आणि मालिकेचं नाव पुढे इतकं मोठं होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. बाजार दोन्हीकडे सारखाच असेल तर त्याचा डाग एकाच बाजूला लावता येत नाही.

तिसरा आक्षेप: हलकेपणाच्या नावाखाली आळस खपतो. हा मला मान्य आहे. १९९४ च्या ‘जी गंडम’मध्ये देशोदेशीचे रोबो कुस्तीच्या आखाड्यात उतरतात. हॉलंडचा रोबो पवनचक्की, मेक्सिकोच्या रोबोचं नाव टेकिला आणि भारताचा रोबो नाग, चालवणारा गारुडी. मालिकेची ऊर्जा दांडगी आहे आणि तिचे गुरू-शिष्याचे प्रसंग आजही अंगावर येतात. पण हा नाग पाहून भारतीय प्रेक्षकाला हसू येण्याऐवजी जांभई आली तर दोष त्याचा नाही. हा विनोद विसंगतीतून निघालेला नाही, पर्यटकांच्या पोस्टकार्डावरून उचललेला आहे. मात्र आळशी विनोदाची उदाहरणं विनोदाविरुद्धचा पुरावा ठरत नाहीत. तसं असेल तर उसना काळोख पांघरलेल्या मालिकांमुळे ‘इव्हँगेलियन’लाही नाकारावं लागेल.

चौथा आक्षेप: या मालिका लक्षात राहतात त्या शेवटी गंभीर होतात म्हणून. ‘डायटार्न’च्या शेवटी बान्जोचे साथीदार एकेक करून हवेली सोडून जातात. ‘गुर्रेन लागान’ (२००७) मध्ये सगळ्यांना पेटवणारा कामिना आठव्याच भागात मरतो. तेव्हा खरं मोल त्या गंभीर क्षणांचं, असं म्हटलं जातं. पण तो क्षण घडतो कशामुळे? हवेली रिकामी वाटते ती आधी ती इतकी भरलेली होती म्हणून. कामिना गेल्यावर मालिका सूर बदलून रडत बसत नाही. एक छोटा रोबो मोठ्याच्या डोक्यात घुसवून दोघांचा एक करण्याचा तोच चावटपणा फुगत फुगत शेवटी आकाशगंगा उचलून फेकण्यापर्यंत जातो. अतिशयोक्ती हीच तिची शोक करण्याची रीत आहे. गांभीर्य इथे बाहेरून आलेलं नाही, हसण्याच्या व्याजातून उभं राहिलं आहे.

६. मग कसोटी कोणती?

वरच्या विवेचनातून तीन कसोट्या निघतात. पहिली, विनोद रोबोच्या कल्पनेतून निघतो की बाहेरून चिकटवलेला आहे? दुसरी, मालिकेनं स्वतः घातलेले नियम ती पाळते का? तिसरी, हसून झाल्यावर त्या जगातली माणसं आणि त्यांची कामं आठवतात का? ‘पॅटलेबर’, ‘ट्रायडर जी-७’, ‘झाबुंगल’ आणि ‘नादेसिको’ या तिन्हींना उतरतात. ‘जी गंडम’ पहिलीत निम्मी नापास होते. आणि याच कसोट्या थोड्या फिरवून गंभीर मालिकांना लावल्या, तर तिकडचेही काही मानाचे पुतळे डळमळतील.

महाकाय रोबोची मालिका हसवते म्हणून तिला बालविभागात बसवणं ही टीका नव्हे, टीका टाळण्याची सोय आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ‘पॅटलेबर’ची १९८८ ची व्हिडिओ मालिका पहिल्या भागापासून क्रमानं पाहावी, उठावाचे भाग मध्येच उचलू नयेत. तेवढं पाहूनही काळोख आणि प्रौढपणा ही एकच गोष्ट आहे असं कुणाला वाटलं, तर त्यानं खुशाल वाद घालावा. पण आधी पाहावं आणि मग घालावा.